बोअरमधून बोळात

मी पाइप बोलतोय. हसू नका. आतून पोकळ असलो तरी माझं बोलणं पोकळ नाही. चौसाळ्याजवळच्या एका वस्तीवर, भिवराबाईंच्या घरालगतच्या बोळात, कमरेच्या उंचीवर मी भिंतीला आडवा बसलोय. धरून चालायची दांडी म्हणा. पण जन्मलो होतो पाण्यासाठी.

लोखंडी अंग, वर जस्ताचा मुलामा, लांबी वीस फूट. आम्ही दहा भाऊ एकाच ट्रॅक्टरमधून आलो. शफीभाई मोटर मेकॅनिकनं आमची तोंडं एकमेकांत आवळली, खाली मोटर बांधली आणि आम्हांला बोअरमध्ये सोडलं. मी सगळ्यात वरचा, त्यामुळं पाण्याचा पहिला लोट माझ्याच तोंडातून पडला. भिवराबाईंनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि तिथंच ओंजळ धरून पोटभर पाणी प्याल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी लांबच्या आडावरून डोक्यावर पाणी वाहिलं होतं. "आता मरूस्तोवर तहान न्हाई," असं त्या म्हणाल्या. माझी मान तेव्हा जी ताठ झाली, ती पुढं बरीच वर्षं वाकली नाही.

बारा वर्षं वाहिलो. मग एका उन्हाळ्यात मोटर नुसती हवा ओढू लागली. शफीभाईनं साखळी लावून आम्हांला वर काढलं. नऊ भाऊ कुणी गोठ्याच्या छपराला, कुणी फाटकाला असे कामाला लागले. मला मात्र भिवराबाईंच्या मुलानं, भारतनं, जपून ठेवलं.

"अख्खा हाय, आटे बी शाबूत हायेत," तो म्हणायचा. "उद्या बोअरला पाणी आलं तर?"

एका पाइपावर कोणता बोअर चालतो, हे त्यानं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला कोण विचारतो! बोळात, खिडकीखाली पडून राहिलो. कोंबड्या येऊन बसायच्या आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणं वागायच्या. त्यावर जास्त बोलत नाही.

गेल्या दिवाळीनंतर भिवराबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आल्या, पाय हळूहळू उचलू लागला, पण डावा हात तसाच लोंबकळत राहिला. घराच्या दारापासून बोळातून संडासापर्यंत दहाबारा पावलं. तेवढ्यासाठी त्यांना सुनेचा, सायलीचा, खांदा लागायचा. सायली अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी जाताना ती सासूला नेऊन आणायची आणि दुपारी पुन्हा धावत घरी यायची. एकदाही करवादली नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांना पाणी पाजलं, तिला असल्या कामासाठी हाक मारायची लाज वाटायची.

आता एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. सायली सकाळी उशाशी तांब्या भरून ठेवायची. ती गेली की भिवराबाई उजव्या हातानं तो तांब्या उचलायच्या आणि खिडकीतून बाहेर ओतायच्या. ते पाणी माझ्या अंगावर पडायचं. प्यायलंच नाही तर जावंही लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. पाण्यासाठी आयुष्य काढलेला मी, रोज सकाळी एक तांब्या पाण्यानं भिजायचो आणि मला रडू यायचं.

व्हायचं तेच झालं. जळजळ, ताप, पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "पाणी कमी पडतंय यांना."

"कसं काय कमी पडतंय?" सायली चक्रावली. "रोज तांब्या रिकामा असतोय की, आत्या!"

आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, खाली बघितलं.

त्यांना एकटीनं जाता यावं म्हणून डॉक्टरांनीच भिंतीला दांडी बसवा असं सुचवलं. भारतनं शफीभाईला बोलावलं. शफीभाईनं मला घासूनपुसून घराच्या भिंतीला लावलं. बोळ दहा फुटांचा आणि मी वीस फुटांचा. पण अख्खा पाइप कापायचा नाही, असं भारतनं बजावलं होतं. म्हणून निम्मा मी बोळात आणि निम्मा संडासाच्या पुढं उघड्यावर. त्या निम्म्यावर भारतचे बनियन वाळू लागले.

पहिल्या दिवशी भिवराबाईंनी मला उजव्या हातानं धरलं आणि एकेक पाऊल टाकत एकट्या संडासापर्यंत गेल्या. काय सांगू! बोअरचं पाणी पहिल्यांदा चढलं होतं तसं झालं मला. मग त्या बाहेर आल्या, परत वळल्या आणि थांबल्या.

जाताना मी त्यांच्या उजव्या हाताला होतो. येताना डाव्या हाताला आलो. आणि डावा हात तर उचलतच नव्हता.

इतकी साधी गोष्ट तीन शहाण्यासुरत्या माणसांच्या लक्षात आली नव्हती. भारत म्हणाला, "दुसरा पाइप आणतो की, बीडला गेल्यावर." तो बीडला तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा विसरला. आणि तांब्या पुन्हा खिडकीतून रिकामा होऊ लागला.

एका सकाळी मात्र त्यांना राहवलं नाही. एकट्याच गेल्या. परत येता येईना, हाक मारायची नाही. मला धरून उन्हात उभ्या राहिल्या, दहापासून सायली येईपर्यंत. सगळा भार त्यांनी माझ्यावर टाकला होता. मी जितका घट्ट राहता येईल तितका राहिलो. दुसरं काय येतं मला?

संध्याकाळी शफीभाईला निरोप गेला. भिवराबाई बाजेवर ताठ बसल्या होत्या.

"शफी, जायचं तिकीट फाडलंस. यायचं कुणी फाडायचं?"

"मावशी, चुकलंच माझं," शफीभाई कान पकडून म्हणाला. "दोन्ही अंगाला पाहिजे होतं."

"मग काप त्याला. निम्मा समोरच्या भिंतीला लाव."

"आई, अख्खा पाइप हाय तो," भारत मध्येच बोलला. "कशाला कापायचा? बोअरला पाणी..."

"बोअरमधी पाणी न्हाई, भारत. तुला बी म्हाईत हाय अन मला बी." आवाज चढला नव्हता, पण अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. "तिथल्या पाण्याची वाट बघत तुमी माझं पाणी तोडलंय. तांब्या मी पीत न्हाई. रोज खिडकीतून वतते. घे, सांगितलं."

सायली तोंडाला पदर लावून आत गेली. भारत मग उठला, माझ्यावरचे बनियन काढले आणि मला एका बाजूनं धरून म्हणाला, "कापा, शफीभाई."

कटर लागला, ठिणग्या उडाल्या. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. वीस फुटांचा ताठा होता, एका मिनिटात दहा-दहाचा झाला. शफीभाईनं कापलेल्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, तोंडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले आणि मला दोन्ही भिंतींवर समोरासमोर ठोकलं.

आता जाताना मी, येतानाही मीच. भिवराबाई स्वतःच्या वेळेला जातात, स्वतःच्या वेळेला येतात. माझ्या दोन्ही तुकड्यांच्या मधल्या वाटेवर एकदा थांबून फाटकाकडं बघतात, कोण येतंय-जातंय ते. सायली दुपारी धावत येत नाही, चालत येते. बनियन दोरीवर गेले.

तुमच्याकडं एक मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधार लावाल, तर आधी त्याच्याबरोबर जाऊन परत या. नुसतं जाऊन थांबू नका.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. आतून पाणी कधी वाहणार नाही, हे मला कळून चुकलंय. रोज सकाळी सायली तांब्या भरून ठेवते आणि निघून जाते. मी खिडकीकडं कान लावून असतो. आतून घोट घोट पाणी प्यायल्याचा आवाज येतो, तांब्या खाली ठेवल्याचा येतो.

खिडकीतून काही पडत नाही. मी कोरडाच राहतो.