वासेनची खिडकी

"एकच खेप आहे रे, मेल्क. मालगाडी घेऊन आयरोलोला चढ, दुसरी घेऊन उतर. दुपारी जेवायला घरी," पाळीप्रमुख याउख म्हणाला. डोंगरापायथ्याच्या आमच्या एर्स्टफेल्ड स्टेशनचे निम्मे चालक तापाने आडवे झाले होते. तरी मी नाही म्हणू शकलो असतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको.

माझी बायको ओदिला सहा आठवडे अंथरुणाला खिळून होती. डॉक्टर म्हणाले होते, फार तर रविवारपर्यंत काढेल. तो गुरुवार होता. सकाळी तिच्या उशाशी घुटमळत होतो, तर तीच वैतागली.

"जा की. तू तोंड पाडून बसलास म्हणून मी बरी होणार आहे का? आणि जाताना तीनदा, येताना तीनदा घरावरूनच तर जातोस. सवतीला नमस्कार सांग माझा."

सवत म्हणजे माझं इंजिन. हिरवं, सहा चाकजोड्यांचं, नाकावर दूर सपाटीवरच्या कुठल्याशा शहराचं चिन्ह. नवं होतं तेव्हा नटूनथटून एक्स्प्रेस ओढायचं. पुढे त्याहून दमदार इंजिनं आली आणि याला मालगाड्यांना जुंपलं. "तुझ्यासारखंच," ओदिला म्हणायची, "रूप गेलं, पण ओढतंय." त्या जातीची इंजिनं साठेक वर्षं राबली. आता बहुतेक भंगारात गेली.

आमच्या वासेन गावाजवळ रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरतात आणि तीनदा गावासमोर येतात. एकदा आमच्या घराच्या वर, एकदा स्टेशनात घराच्या बरोबरीने, एकदा खाली. अठरा वर्षं आमचा रिवाज ठरलेला होता. उतरताना वरच्या रुळावरून मी शिट्टी दिली की तिने बटाटे चुलीवर चढवायचे. एर्स्टफेल्डला गाडी सोपवून मी बसने घरी पोचेपर्यंत ते शिजलेले असायचे. आणि खिडकीत निळं फडकं लटकत असलं की घरी सगळं ठीक.

त्या दिवशी चढताना तिन्ही वेळा फडकं दिसलं. मला जरा हायसं वाटलं.

उतरताना वरच्या रुळावर शिट्टी दिली. फडकं होतं. ओदिलाची थोरली बहीण बार्बरा खिडकीशी उभी होती, तिने हात हलवला.

बोगद्यातून फिरून स्टेशनात शिरलो, तर फडकं नव्हतं. खिडकी बंद. घर दोनशे पावलांवर.

चालकाच्या पायाखाली एक पेडल असतं. गाडी चालू असेतो ते दाबून धरायचं. पाय उचलला की आधी भोंगा वाजतो, मग ब्रेक आपोआप लागतात. चालकाचं काही बरंवाईट झालं तरी गाडी थांबावी, म्हणून ती सोय.

मी पाय उचलला. भोंगा वाजला, चाकं करकरली, गाडी जड झाली. समोर सिग्नल हिरवा होता. मागून मिलानची एक्स्प्रेस येत होती. मी मनाशी म्हटलं, फडकं मळलं असेल, धुवायला काढलं असेल. आणि पाय पुन्हा पेडलवर ठेवला. भोंगा गप्प झाला.

खालच्या रुळावर आल्यावर मान उंच करून पाहिलं. खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी होती. फेब्रुवारी महिना, छपरावर हातभर बर्फ. आमच्याकडे अशा थंडीत खिडकी एकाच कारणासाठी उघडतात. सासूबाई गेल्या तेव्हा ओदिलानेच ती उघडली होती. जिवाला बाहेर पडायला वाट लागते.

तिथून एर्स्टफेल्डपर्यंत गाडी मीच नेली. कशी नेली ते आठवत नाही.

"मिनिटाला मिनिट वेळेवर, मेल्क," याउख म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. मी सही केली आणि बस पकडली.

बार्बरा दारातच होती. आधी ती नुसतीच रडली. मग म्हणाली, "शिट्टी ऐकली रे तिने. मला म्हणाली, बटाटे चढव. आणि ते फडकं काढ, किती मळलंय, तो बघेल."

"मग?"

"मग स्टेशनात गाडी करकरली. तिने डोळे उघडले. म्हणाली, थांबला का गं?" बार्बरा जमिनीकडे बघत होती. "मी म्हटलं, बघते हं. पण गाडी गेली. मी वळले तर..."

ते तिने मला सांगायला नको होतं. पण तिला तरी ते एकटीला कसं पेलणार? मी आत जाऊन ओदिलाजवळ बसलो. हात अजून पुरता गार झाला नव्हता. थांबलो होतो गं, असं तिला सांगावंसं वाटलं. पण ते खोटं होतं. आयुष्यात मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.

बऱ्याच वेळाने बार्बराने हाक मारली. बटाटे केव्हाचे शिजले होते. शेजारी चीजचा तुकडा, नेहमीसारखा.

"दोन घास खा," ती म्हणाली. "तिने चढवायला लावलेत."

खिडकी उघडीच होती, म्हणून कोट न काढता बसलो. एकेक बटाटा सोलून खाल्ला, एकही टाकला नाही. टेबलाखाली माझा पाय जमिनीच्या फळीवर घट्ट दाबलेला होता. ताट रिकामं होईपर्यंत मी तो उचलला नाही.