निर्विकार विरुद्ध स्पष्टवक्ता

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत मी डोळे तपासते, मागच्या खोलीत आमचे हे लेन्स घासून फ्रेममध्ये बसवतात. बसवायचे, असं म्हणायला हवं. कारण एका मित्राने ह्यांना ‘विचारमंथन’ नावाच्या ऑनलाइन गटात घेतलं आणि मागच्या खोलीतलं यंत्र दिवसेंदिवस गार पडलं.

गटात विज्ञान, अर्थकारण आणि भाषा या तीन विषयांवर चर्चा व्हावी असा नियम होता. माणसं मात्र तिन्हींतलं काहीही न शिकलेली. तिथे प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. ह्यांनी ‘स्पष्टवक्ता’ घेतलं. घरात गॅस संपला तर मला सांगायला ह्यांना अवघड वाटतं, पण तिथे स्पष्टवक्ता! आणि ह्यांचा हाडवैरी होता ‘निर्विकार’. त्याच्याइतका चिडका माणूस मी उभ्या जन्मात वाचला नाही.

दोघांचं पहिलं वाजलं ते महागाईवरून. हे म्हणाले, तुम्ही जिला महागाई म्हणता ती चलनवाढ आहे, आधी शब्द नीट वापरा. निर्विकार म्हणाला, शब्द बदलल्याने टोमॅटो स्वस्त होत असेल तर मी आजपासून त्याला सफरचंद म्हणतो. मी हसले. ह्यांना ते आवडलं नाही.

“हसतेस काय? त्याला मागणी आणि पुरवठा यांतला फरक कळत नाही.”

“आणि तुम्हाला?”

“मी वाचलंय त्यावर.”

लेक कॉलेजला निघाली होती. बूट घालता घालता म्हणाली, “बाबा, पूर्ण वाचलंत?”

“सारांश वाचलाय. सारांशात सगळं असतं.”

तर असे हे सारांशपंडित. वादात अडकले की ह्यांची एक ठरलेली पळवाट होती. समोरच्याने ‘सिद्ध केलय’ असं बिनटिंबाचं लिहिलं की हे विचारायचे, “आधी अनुस्वार तरी सिद्ध करा.” त्यावर गटातली पाचपन्नास माणसं दात काढायची आणि मूळ मुद्दा तसाच उघड्यावर पडून राहायचा. निर्विकारची पळवाट वेगळी. तो नुसतं विचारायचा, “संदर्भ?” सूर्य उगवला असं कुणी लिहिलं तरी संदर्भ. दोघांपैकी एकानेही कधी समोरच्याला, काहीतरी कळावं म्हणून प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही. उंटावरचे दोन शहाणे, आणि उंट एकच.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. मग एक दिवस आमची जुनी गिऱ्हाईक, शिवणकाम करणाऱ्या बाई, दुकानात आल्या आणि खुर्चीत मटकन बसल्या.

“नवा चष्मा लावला की डोकं ठणकतं हो. सुई दोन-दोन दिसते. बोटात घुसली.” त्यांनी चिंधी गुंडाळलेलं बोट दाखवलं.

मी चष्मा तपासला. डाव्या डोळ्याची लेन्स उजवीकडे, उजव्याची डावीकडे. त्या माउलीने आठवडाभर तसाच घातला होता. नवा आहे, सवय होईल, म्हणून. मी मागच्या खोलीत गेले. हे यंत्राला टेकून टाइप करत होते.

“अहो, हे काय करून ठेवलंत?”

“एक मिनिट. तो उत्क्रांतीवर घसरलाय.”

जगाची दृष्टी सुधारायला निघालेल्या माणसाने एका बाईचे डोळे अदलाबदल करून ठेवले होते आणि त्याला मिनिटाची सवड नव्हती. लेन्स मीच काढून नीट बसवल्या, बाईंची माफी मागितली. ह्यांच्याबद्दल मला तोवर राग होता. त्या दिवशी राग गेला आणि त्याच्या जागी काहीतरी थंड येऊन बसलं.

गट चालवायच्या एक निवृत्त ग्रंथपालबाई. दोघांच्या भांडणाने त्याही कावल्या होत्या. त्यांनी जाहीर केलं, ‘अर्थशास्त्र हे विज्ञान आहे का?’ यावर दोघांनी वाचनालयात समोरासमोर बोलावं. अट एकच, फोन दाराशी टोपलीत ठेवायचे. नाही म्हणणं म्हणजे हरणं, म्हणून दोघंही हो म्हणाले.

हे तयारीला लागले. आरशासमोर हात उंचावून “मुळात” म्हणायचे, मग दुसरा हात उंचावून “मुळात” म्हणायचे. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. मी बरोबर गेले. खोटं कशाला बोलू, ह्यांची फजिती बघायलाच गेले.

वाचनालयाची खोली लांबट होती. ट्यूबलाइटचा गुंगुं आवाज आणि जुन्या कागदाचा वास. खुर्च्या भरपूर मांडलेल्या, माणसं मोजकी. ऑनलाइन डरकाळ्या फोडणारे बहुतेक वाघ घरीच राहिले होते. निर्विकार आला तो उंच, पोक काढून चालणारा, जनावरांचा डॉक्टर निघाला. बाहीला कुत्र्याचे केस चिकटलेले. त्याने ह्यांना नमस्कार केला. ह्यांनीही केला. ज्याला परवा ‘मेंदूचा दुष्काळ’ म्हटलं होतं त्याला हे म्हणाले, “बसा ना, आधी तुम्ही बसा.”

सुरुवात ह्यांनी केली.

“मुळात,” हे म्हणाले. मग थांबले. “म्हणजे मुळात बघायला गेलं तर...” फोनसाठी हात पँटच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा. “मुळात अर्थशास्त्र...”

ट्यूबलाइट गुणगुणत राहिली.

“संदर्भ?” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही द्या.”

“माझे टोपलीत आहेत.”

कुणीतरी खोकलं. ग्रंथपालबाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, “बरं, ते राहू द्या. विज्ञान म्हणजे काय, एवढं साध्या शब्दांत कोण सांगतं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नापास होणारी पोरं एकमेकांच्या पेपरात बघतात तसं. मला हसू यायला हवं होतं. आली शिसारी. एवढे दिवस बुडबुडे काढले आणि तळाशी पाणीच नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. त्यांनी वर सरकवला, तो पुन्हा घसरला. ह्यांना राहवेना.

“काडी ढिली झालीय. आणा इकडे.”

शर्टाच्या खिशात ह्यांचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो. ह्यांनी स्क्रू आवळला, काडीला किंचित बाक दिला, चष्मा डॉक्टरांच्या कानावर स्वतः बसवला. “आता मान हलवा.” डॉक्टरांनी हलवली. चष्मा जागचा हलला नाही.

“वा!” डॉक्टर म्हणाले. “आमच्या पेशंटांना चष्मे नसतात ते बरंय.”

“पण त्यांना नंबर असतो का हो? गाईला वगैरे?”

हा ह्यांनी विचारलेला पहिला खरा प्रश्न.

“असेलही. पण खालची ओळ वाच, असं तिला सांगणार कोण?”

खोली हसली. मी मागून म्हणाले, “वाचायला नको. तान्ह्या बाळाचा नंबर काढतो तसा काढता येईल. डोळ्यात उजेड टाकायचा आणि आतून परत येणारी चमक कुठे सरकते ते बघायचं.”

डॉक्टर खुर्ची ओढून पुढे सरकले. मग जनावरांचे डोळे अंधारात का चमकतात, ते सांगायला लागले. डोळ्यातल्या पडद्यामागे एक चकचकीत थर असतो, आलेला उजेड तो पुन्हा परत पाठवतो. कुत्र्याला निळं-पिवळं कळतं, पण लाल-हिरव्यात त्याचा गोंधळ होतो. हे म्हणाले, तसा गोंधळ माणसांतही असतो, आणि आमच्या एका रंगाऱ्याची गोष्ट सांगितली. “मला ठाऊक नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “मलाही,” हे म्हणाले. कुणी अनुस्वार मोजला नाही. ज्या माणसाशी मी लग्न केलं होतं तो मला बऱ्याच वर्षांनी दिसला. घरी येताना मन जरा निवळलं होतं.

सकाळी दुकानात चहा घेताना मी गट उघडला. ह्यांनी आदल्या संध्याकाळीच, टोपलीतून फोन उचलल्या उचलल्या, लिहिलं होतं, “विज्ञानाची व्याख्या विचारताच प्रतिपक्षाची बोलती बंद.” त्याखाली निर्विकार, “चष्म्याचा विषय काढून मुद्द्याला बगल देण्यात आली.” त्याखाली आमचे हे, “बगल ‘मारतात’ की ‘देतात’, ते आधी ठरवा.” त्याखाली टाळ्या आणि दात.

जे घरी बसले होते ते कोण जिंकलं यावर भांडत होते. गाईच्या डोळ्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

मी त्या गटात नुसती वाचण्यापुरती होते, कधी लिहीत नसे. त्या दिवशी लिहिलं. “मी तिथे होते. विषयावर दोघंही एक वाक्य बोलू शकले नाहीत. नंतर दोघंही शहाण्यासारखे बोलले, आणि त्याचीच दोघांना लाज वाटतेय.”

मागच्या खोलीतून टकटक ऐकू आली. उत्तर आलं. स्पष्टवक्त्याचं.

“‘दोघंही’ नव्हे, ‘दोघेही’. प्रमाण भाषा वापरावी.”

माझं टोपणनाव ह्यांना ठाऊक होतं, पण ते न बघताच लिहिलं होतं. त्याच्याखाली निर्विकार, “तिथे होतात याला संदर्भ?”

मी कप विसळून ठेवला. ग्रंथपालबाईंनी त्याच आठवड्यात गट बंद केला, तर ह्यांनी एक नवा काढला आणि डॉक्टरांनी दुसरा. दोन्हींत माणसं तीच. मी ओळखीतून एक पोक्त बाई शोधल्या, लेन्स बसवण्यात मुरलेल्या. त्या मागच्या खोलीत यंत्र पुसत होत्या तेव्हा हे दारात आले.

“ह्या कोण?”

“आजपासून लेन्स ह्या बसवतील.”

“मग मी?”

“तुम्ही बाहेर गल्ल्यावर बसा. तिथे तुमचा नंबर चुकला तरी कुणाच्या बोटात सुई जात नाही.”

काहीतरी ठणकावून सांगावं असं ह्यांना वाटलं असणार. तोंड उघडलं, “मुळात” म्हणालेसुद्धा. तेवढ्यात हातातला फोन वाजला आणि हे तो बघत बघत पुढच्या खोलीत गेले. बाईंनी यंत्र सुरू केलं. बऱ्याच दिवसांनी मागून लेन्स घासल्याची घरघर आली आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.