मुशीचं तेल

सगुणाबाईला समुद्राची कधी भीती वाटली नाही, पण नवऱ्याच्या मारुतीत बसायची वाटायची. आता बाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, बापाबरोबर लहानपणी वादळात सापडून परत आलेली. आणि भ्यायची कुणाला, तर डबीएवढ्या पांढऱ्या गाडीला! शेजारची सखुबाई तिला यावरून हसायची. हसेना का. सखुबाई त्या गाडीत एकदाही बसली नव्हती.

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. नवऱ्याच्या, म्हणजे हरेश्वरच्या गुडघ्याने दगा दिला, होडी पुतण्याच्या हातात गेली, आणि घरात बसून करायचं काय म्हणून या गड्याने वांद्र्याच्या एका परदेशी निघालेल्या माणसाची जुनी मारुती घेतली. नातवंडं व्हायच्या वयात ड्रायव्हिंग शिकला. आयुष्य सगळं होडीवर गेलेलं, आणि होडीला कुठला आलाय ब्रेक! त्यामुळे ब्रेकची आठवण त्याला नेहमी उशिरा व्हायची, आणि झाली की तो असा पाय हाणायचा की गाडी हिवताप आल्यागत थरथरायची. गणपती झाल्यावर एकदा बाजाराच्या तोंडाशी केळ्यांची हातगाडी आडवी आली. मारुती थांबली ती त्या हातगाडीला टेकूनच. केळीवाल्याने दोघांचा उद्धार केला, हरेश्वर हसण्यावारी नेत राहिला, आणि सगुणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं ते घरी येईपर्यंत परतलं नाही.

त्यात लेक शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं ब्लडप्रेशर वर चढलेलं. कळा सुरू झाल्या की लगेच घेऊन या, वेळ काढू नका, असं डॉक्टरीणबाईंनी दम देऊन सांगितलं होतं. इस्पितळ अंधेरीच्या पूर्वेला, पुलापलीकडे. म्हणजे पोरीला न्यायचं ते याच गाडीतून, याच ब्रेकच्या भरवशावर. सगुणाबाईने धोशाच लावला. ब्रेक नीट केल्याशिवाय माझी पोर त्या डबीत बसणार नाही म्हणाली.

गॅरेजवाला सहदेव मालवणकडचा. त्याने पुढचं चाक काढून आतली लोखंडी तबकडी दाखवली. तिला डिस्क म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते, ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड तिला चिमटीत पकडतात, आणि गाडी थांबते. हिच्यावर तर खोल चरे पडलेले. डिस्क आणि पॅड दोन्ही बदलायला लागतील, म्हणाला, आणि त्याने त्यांना स्टेशनजवळ जयवंतच्या पार्टच्या दुकानात पाठवलं.

जयवंतने काउंटरवर तीन प्रकारच्या डिस्क मांडल्या. एक लेथवर घासून काढलेली जुनी. एक नवी, चांदीसारखी लखलखीत, कुठल्याशा लहान कारखान्यातली. तिसरी जाड, काळपट, तेलकट कागदात गुंडाळलेली. हरेश्वरचा हात लखलखीत डिस्ककडे गेला. पुरुषाची जात, चकाकतं ते आवडायचंच. सगुणाबाईने तो हात बाजूला सारला, जयवंतचा पाना उचलला आणि बाजारात तवा घेताना वाजवून बघतात तसा एकेका डिस्कवर मारला. लखलखीत डिस्क बद्द वाजली. जाड डिस्क खणखणली, आणि तो नाद बराच वेळ दुकानात राहिला. हीच द्या, ती म्हणाली. जयवंतने मान डोलावली. लखलखीत डिस्क त्याने गुपचूप खाली ठेवून दिली.

डिस्क बसवताना ती सहदेवच्या डोक्याशीच उभी होती. त्याने कागद सोडला, पेट्रोलचा बोळा घेतला आणि डिस्कवरचं सगळं तेल पुसून काढलं. तिला काही ते पटेना. कोळ्याच्या घरात नवं लोखंड आलं की आधी त्याला मुशीचं तेल चोळतात. नांगर असो, साखळी असो, कोयता असो, तेलाशिवाय लोखंड खाऱ्या वाऱ्यात ठेवायचंच नाही. मुशी नावाच्या शार्क माशाच्या यकृतातून काढलेलं ते दाट, उग्र तेल तिच्या घरात बाराही महिने डबा भरून असायचं. तिने सहदेवला टोकलं, तसा तो हसला.

"मावशी, ह्येका आता हात लाव नको हां," म्हणाला. "पयले थोडे दिवस ब्रेक नरम लागतलो. बसतलो मग."

का लावायचा नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिथेच चुकलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात पाणी मारायला आली, सहज चाकाच्या भोकांतून आत बघितलं, आणि बादली खाली ठेवली. डिस्क तांबडी! एका रात्रीत गंज! आपण वाजवून, पारखून घेतलेलं लोखंड. सखुबाई काय म्हणेल, हे नंतरचं. आपली पोर या गंजलेल्या तबकडीवर बसून पुलावर जाणार होती. हरेश्वर चहा पीत होता. त्याला सांगितलं तर तो पुन्हा हसण्यावारी नेणार. तिने डबा आणला, होडीला तेल द्यायचा कुंचा आणला आणि दोन्ही चाकांत कुंचा घालून तेल माखलं. एवढ्याने समाधान होईना, म्हणून वरून ओतलंही. डिस्क काळी, ओली दिसायला लागली, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.

आणि दुपारी शेवंतीच्या कळा सुरू झाल्या.

मागच्या सीटवर शेवंतीचं डोकं सगुणाबाईच्या मांडीवर. पुढे हरेश्वर. गल्लीच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबायला हवी होती तिथे न थांबता जराशी पुढेच गेली. नरम आहे, सहदेव म्हणालाच होता, असं तो आपल्याशीच पुटपुटला. सगुणाबाईने पोरीचा हात घट्ट धरला. सात बंगल्याशी बस आडवी आली, तेव्हा गाडी आणखी उशिरा थांबली. मग वास आला. सुका मासा तव्यावर करपावा तसा, गाडीभर. हरेश्वरने नाक वर केलं, काय जळतंय म्हणून विचारलं. शेवंतीला त्या वासाने ओकारी आली.

सगुणाबाईला सगळं कळलं. ज्याला चिमटीत धरून गाडी थांबवायची, त्यालाच आपण बुळबुळीत करून ठेवलंय. हातातली सुरमई निसटावी तशी डिस्क पॅडमधून निसटत होती. एवढी साधी गोष्ट! मासळी धरण्यात जन्म गेला आणि हे कसं सुचलं नाही, म्हणून तिने स्वतःला शंभर शिव्या घातल्या. पण आता सांगायचं कसं? सांगितलं तर हा गाडी उभी करणार, पोर कळा देत रस्त्यात राहणार. आणि खरं सांगायचं तर लाजही होती. तेल जळून जाईल, जळतंयच, एवढ्यात जळेल, असं घोकत ती एकवीरा आईचं नाव घेत राहिली. स्टेशन मागे पडलं. गाडी पुलाचा चढ चढली.

उताराला लागली आणि हरेश्वरने पाय दाबला. गाडीने त्याला जुमानलं नाही. खाली पुलाच्या पायथ्याशी बसस्टॉपवर माणसं उभी होती, एक बाई छत्री मिटत होती. सगुणाबाईला ती छत्री स्पष्ट दिसली, तिचा लाल दांडाही दिसला.

"अवो, मी तेल लावलंय," ती म्हणाली. "ब्रेकाला. मुशीचं. सकाळी."

हरेश्वरने मागे बघितलं नाही. त्याच्या मानेची शीर तेवढी ताठ झाली. त्याने खाडकन गियर खाली आणला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला, मागची चाकं फरफटली. तरी गाडी जातच होती. हॉर्नवर हात ठेवून त्याने ती डावीकडे घेतली. तिथे बांधकामाची वाळू पडली होती. होडी किनाऱ्याला लावतात तशी त्याने गाडी सरळ त्या ढिगात घातली. वाळू काचेपर्यंत चढली. सगुणाबाई पोरीवर पालथी पडली होती, आणि शेवंती तिच्या खालून ओरडत होती. ओरडतेय म्हणजे जिवंत आहे, एवढंच तिला समजलं.

बसस्टॉपवरच्या माणसांनीच रिक्षा थांबवली. शेवंतीला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

वाळूतून काढून अंगणात आणलेली गाडी न्यायला सहदेव आला. चाक काढून त्याने कपाळाला हात लावला, हे तेल कुणी ओतलं म्हणून विचारलं. सगुणाबाई दारात उभी होती. हरेश्वर म्हणाला, "मीच. अक्कल नाय मला." त्या दिवसानंतर त्याने तो विषय काढला नाही. तिला वाटायचं, एकदा खच्चून शिव्या तरी द्याव्यात याने.

बाळ घरी आल्यावर सखुबाईने न्हाणीत पाट मांडला, वाटीत खोबरेल कोमट करून आणलं. कोळीवाड्यात पहिला हात आजीचा. सखुबाईने बाळ सगुणाबाईच्या पसरल्या पायांवर दिलं आणि तिच्या ओंजळीत तेल ओतलं.

सगुणाबाईचे हात तसेच राहिले. तेल बोटांच्या फटींतून पाटावर गळायला लागलं. तिला पुन्हा तो उतार दिसला आणि लाल दांड्याची छत्री. पोर पायांवर वळवळत होती, आणि आपल्या हातांतून ती निसटणार असंच तिला वाटलं. सखुबाई वैतागली, बाळाला गार लागेल म्हणाली.

शेवंती दाराशी टेकून बसली होती. तिने गाडीत सगळं ऐकलं होतं, आणि घरी येऊन कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"लाव गो आये," ती म्हणाली.

सगुणाबाईने दोन्ही तळवे लुगड्याला पुसले, कोरडे होईपर्यंत पुसले. मग एक बोट तेलात बुडवून तिने बाळाच्या टाचेला लावलं, आणि दुसऱ्या हाताने बाळाला घट्ट धरून ठेवलं.