ठिबकणारा जोड

रेल्वेतल्या बदल्यांपायी गंधारची मासे पाळायची हौस राहूनच गेली होती. जयपुरात झोटवाड्याला स्वतःचं घर झालं, तेव्हा त्याने काचेची मोठी टाकी आणली. पण पाणी भरताच फिल्टरच्या नळीचा जोड ठिबकू लागला. त्याने पाना लावून आवळला, तर गळती आणखीच वाढली.

"अहो, जोर पुरे. खोलून तर बघा," त्याची बायको प्रतिमा म्हणाली.

पाणी उपसून त्याने जोड खोलला. आतला रबरी वायसर एका बाजूला सरकला होता. प्रतिमाने तो नीट बसवला आणि गंधारने नट नुसत्या हाताने फिरवला. पुन्हा पाणी भरून, जोडाखाली वर्तमानपत्र पसरून दोघं चहा घेत बसली. चहा संपला तरी कागद कोरडाच होता. मग कुठले मासे आणायचे, यावरून संध्याकाळपर्यंत त्यांचं लटकं भांडण रंगलं.