उचललेली पापणी

माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

फोटो स्टुडिओवाल्या वहिनीचा हात असा, की कॉम्प्युटरवर ती मुरूम पुसायची, टकलावर केस उगवायची, रडक्या नवरदेवाला हसवायची. एका दुपारी तिचा धाकटा दीर परवान्यासाठी फोटो काढायला आला. धंद्याने रंगारी, स्वभावाने एक नंबरचा थापाड्या.

"भाऊजी, डावा डोळा झोपलाय का तुमचा?"

"छत रंगवून मान आखडली गं. परवा कामावरच्या जोडीदाराने हिसका देऊन मोकळी केली, कटकन! तेव्हापासून डावी बाजू ठणकतेय."

"जोडीदार आहे की खाटीक?" म्हणत ती फोटो साफ करायला बसली. डावी पापणी अर्धी उतरलेली, ती तिने उचलली. उजवी बाहुली मिरीएवढी आणि डावी मोहरीएवढी. हे काय भलतंच, म्हणून उजवी घेऊन डावीवर चिकटवली. झाला राजबिंडा!

तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, दिवा का घालवलास?"

"चालूच आहे की."

"अगं, डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा आलाय. काही दिसत नाही!"

ऐकताक्षणी वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मूळ फोटो उघडला, शेजारी त्याचा गेल्या वर्षीचा ठेवला. त्यात दोन्ही डोळे सारखे! म्हणजे आपण चक्क दुखणंच पुसून टाकलं? शटर ओढून तिने त्याला गाडीत कोंबलं. वाटेत नजर परत आली, तर हा म्हणतो, "चल माघारी, माझं छत वाळतंय."

"गप्प बसा!"

दवाखान्यात मानेचा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय. पापणी आणि बाहुली सांभाळणारी नस तिला चिकटून असते, ती दबली. डोळ्याकडे गुठळी गेली म्हणून अंधार. पुढची मेंदूत गेली असती."



रक्त पातळ करायच्या औषधांवर दीर वाचला, नजरही राहिली. पापणी जराशी उतरलेलीच.

एवढं सगळं खरं. फक्त ऐकताक्षणी तिच्या तोंडचं पाणी पळालं, ते माझ्या पदरचं. तिला ती नेहमीची थाप वाटली. तिने आधी दुरुस्त डोळ्यांच्या आठ प्रती छापल्या, कडा सरळ कापल्या, पाकिटात घातल्या. तोवर तो स्टुलावर बसून डोळ्यापुढे स्वतःचा हात हलवत होता.