आईचे अकरा सेकंद

प्रसिद्धीच्या हव्यासापायी माणूस घरादाराला कसा पारखा होतो, यावर एक गाणं तयार होत होतं. त्या गाण्यात कोणाचं नाव आधी यायचं, यावर तीन दिवस भांडण चाललं होतं. हसू नका. आपण ज्या गाण्यांवर डोळे पुसतो, त्यातली बरीचशी अशीच तयार होतात.

गाणं दोघांनी मिळून गायचं होतं. एक बडा गायक, त्याला त्याचे चाहते 'वादळ' म्हणत. या वादळाला खोलीतला पंखासुद्धा सोसत नसे. गळ्याला मफलर गुंडाळून ते कोमट पाण्याचे घोट घेत बसलेलं असे. आणि दुसरी एक नवखी गायिका. चार वर्षं तिने इतरांच्या मागे उभं राहून 'आ... आ' करण्यात घालवली होती. वादळासोबत गायला मिळणार म्हटल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं आणि घरी फोन करायलाही वेळ मिळेना. घरी एकटी आई. शिवणकाम करून तिने हिला वाढवलं, गाणं शिकवलं. आई व्हॉइस मेसेज पाठवायची आणि आमच्या या कलावती 'नंतर ऐकू' म्हणून सोडून द्यायच्या. असे नऊ मेसेज साठले होते.

सोमवारी सकाळी संगीतकाराच्या डोक्यात किडा वळवळला.

"मध्ये खरीखुरी आई पाहिजे," तो म्हणाला. "फोनवरची, जराशी रडवेली. कोणाकडे आहे का असा मेसेज?"

"आमच्या मातोश्री माझ्या मॅनेजरशी बोलतात," वादळ म्हणालं.

गायिकेने लगेच फोन पुढे केला. "माझ्याकडे नऊ आहेत," हे तिने चक्क अभिमानाने सांगितलं. "कुठला बसतो ते तुम्हीच बघा. मी तोवर मेकअप करून घेते."

मेकअप कशाला, तर ते गाणं ऐकताना तिला रडू फुटतं, असं चित्रीकरणही करायचं होतं. आईला विचारावं, निदान आपण तरी एकदा ऐकावं, हे तिच्या मनाला शिवलंही नाही.

यंत्रापुढे रेकॉर्डिस्ट काका बसले होते. तीस वर्षं याच खुर्चीत बसून त्यांचे केस पिकले होते. संगीतकार सांगत गेला तसं ते कापत गेले. "तो खोकला काढा. ते 'छकू' काढा, तालात बसत नाही. शेजारणीचं तर काढाच, त्याने दुःख कमी होतं." मग उरलेलं 'ये गं' एकापुढे एक चार वेळा जोडलं.

वादळ घड्याळ बघत गुरकावलं, "आईला अकरा सेकंद आणि सुरुवातीला मला आठ? गाणं कोणाचं आहे?"

नटूनथटून गायिका कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, कानाला हेडफोन लावून. ढोल वाजला, थांबला, आणि आईचा आवाज आला. "ये गं... ये गं... ये गं... ये गं..." बाईसाहेब मापात रडल्या. खोलीत टाळ्या पडल्या.

"एक नंबर," संगीतकार म्हणाला. "आता जरा उजेडाकडे तोंड करून पुन्हा एकदा रड."

पण तिच्या मनात काहीतरी खुपत होतं. ती काकांजवळ आली. "काका, आई असं म्हणाली? माझी आई कधी कोणाला दोनदा सांगत नाही."

"एकदाच म्हणाल्या त्या. चार वेळा आम्ही केलं," काका म्हणाले, आणि त्यांनी न कापलेला मेसेज लावला.

"छकू, सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. साडेबाराला बोलावलंय. सोबत घरचं माणूस लागतं म्हणे. जमलं तर ये गं." मग खोकला. "नाहीतर शेजारच्या वहिनी आहेत. तू तुझं गाण्याचं बघ. सुईत दोरा ओवता येईना म्हणून करून घेतेय, बाकी काही नाही."

अरे, आणि यावर ती कॅमेऱ्यासमोर मापात रडली होती!

"सोमवार म्हणजे..."

"आज. आता सव्वाअकरा झालेत."

"काका, मी आत्ता गेले तर हे माझ्या जागी दुसरीला घेतील. चार वर्षं वाट बघितली मी."

"घेतील की. जेवणाच्या सुट्टीआधी घेतील," काका म्हणाले. "गाण्यात तू म्हणतेस, नावापायी घर गेलं. तुझं तर अजून नावही झालेलं नाही पोरी, आणि घर द्यायला निघालीस. नाव मिळवू नये असं मी म्हणत नाही. याच खोलीत किती गुणी माणसं गाऊन गेली. पण आपल्या माणसाच्या जिवावर मिळालेल्या नावाची मला शिसारी येते. आणि मी तरी कुठला शहाणा? मेसेज कानावर पडला तेव्हाच तुला बोलवायला हवं होतं. पोटाकडे बघून गप्प बसलो, माझीही मला लाज वाटते."

तिने डोळे पुसले. या वेळी कॅमेरा बंद होता. "आईचा आवाज काढून टाका काका. सगळा."

"वेड लागलंय का?" संगीतकार ओरडला. "त्या दारातून बाहेर पडलीस तर परत उभं करणार नाही."

"जाऊ द्या तिला," वादळ म्हणालं. "ते अकरा सेकंद मला द्या."

दवाखान्यातल्या बाकावर आई एकटीच बसली होती, मांडीवर फाईल आणि पिशवी. नर्स तिसऱ्यांदा विचारत होती, "आजी, सोबत कोण आहे?"

"मी. मुलगी," गायिका धापा टाकत म्हणाली.

आईने मान वळवली आणि तिचं तोंड चाचपलं. "हे काय थापलंयस गालाला? जा, धुऊन ये आधी."

"आई, वहिनी कुठे आहेत?"

"त्यांना मीच घरी पाठवलं. रोज त्या माझा फोन बघून सांगायच्या, 'छकूने अजून ऐकलं नाही.' आज सकाळी म्हणाल्या, 'खूण निळी झाली, ऐकला हो मेसेज.' म्हटलं, मग आता छकू येते. तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

तो मेसेज सकाळी कोणी ऐकला होता, कशासाठी ऐकला होता, हे गायिका आईला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने काकांना विचारलं नसतं तर आई इथे अशीच बसून राहिली असती. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि पोटाशी धरली.

ते गाणं पुढे आलंच. दुसरी गायिका मिळाली, आणि 'ये गं' म्हणायला भाड्याची आईही मिळाली. लोकांनी ते ऐकून हुंदके दिले आणि आपण किती हळवे आहोत हे चार जणांना कळावं म्हणून पुढे पाठवलं. मंडळी, नावाचा हव्यास काय फक्त गाणाऱ्यांनाच असतो? तो तुमच्याआमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. तेव्हा असलं गाणं पुढे पाठवण्याआधी आपल्या माणसाचा मेसेज ऐका. आणि नुसतं ऐकून भागत नाही, उठून जावं लागतं. कारण निळी खूण बघून तिकडे कोणीतरी शेजारणीला घरी पाठवलेलं असतं.