दगडावरचे विदाउट

कंपनीत काय काम करतोस असं कुणी विचारलं की महेंद्र सांगायचा, मासे सांभाळतो. ऐकणारा हसायचा. रांजणगावच्या बाजूला, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कुणी मासे कशाला सांभाळील?

पण गोष्ट खरी होती. महेंद्र केडगावचा. रोज सकाळी चौफुल्यावर कंपनीची बस धरायची आणि न्हावऱ्यावरून तास-सव्वा तासात गेटवर उतरायचं. कागदोपत्री तो ठेकेदाराकडचा हाऊसकीपिंगचा माणूस. दोन हजार सहा साली मोठ्या साहेबांनी गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये सहा फुटी काचेची टाकी बसवून घेतली, खाऱ्या पाण्याची. बसवून देणारा मुंबईचा माणूस दोनदा येऊन बघून गेला, तिसऱ्यांदा त्यानं फोनच उचलला नाही. मग टाकी महेंद्रच्या गळ्यात पडली ती पडलीच.

टाकीत मासे मोजून सात आणि दगड मात्र ढीगभर. दगड समुद्रातले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यांतून आलेले. त्यांना लाइव्ह रॉक म्हणतात, असं मुंबईवाल्यानं सांगितलं होतं. दगड आणि जिवंत कसा, हे महेंद्रला तेव्हा कळलं नाही. पण पंधरा-वीस दिवस गेले आणि दगडांच्या भोकाभोकांतून एकेक जण डोकं काढू लागला. लालसर केसाळ अळी, बोटभर लांब. नखाएवढा खेकडा. सापासारखे पाच हात वळवळवणारा तारामासा. काचेच्या झाडासारखं काहीतरी, सावली पडली की आत ओढून घेणारं. यांतलं एकही कुणी विकत घेतलेलं नव्हतं. दगडाला धरून आले होते, फुकटात. महेंद्रचं लहानपण केडगाव स्टेशनावर गेलेलं. त्यानं त्यांचं नाव ठेवलं, विदाउट, म्हणजे बिनतिकिटाचे.

मुंबईवाला सांगून गेला होता की असलं काही दिसलं की चिमट्यानं उचलून फेकून द्यायचं. महेंद्रच्यानं ते होईना. त्यानं पँट्रीमागं लोणच्याच्या तीन बरण्या मांडल्या, त्यांत टाकीतलंच पाणी भरलं आणि एकेकाला पकडून त्यात सोडलं. कोण काय खातो, कोण कुणाला खातो, हे तो जेवणाच्या सुट्टीत बघत बसायचा. घरी येऊन बायकोला, तेजश्रीला सांगायचा.

तेजश्री वरवंडची, बारावी सायन्स झालेली. तिनं त्याला एक वही घालून दिली. तो चित्र काढायचा, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मिळालेलं नाव इंग्रजीत उतरवून आणायचा आणि ती त्याखाली मराठीत लिहायची, हा काय खातो, कुणाला त्रास देतो, ठेवावा का काढावा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या वहीवर डोकी जवळ घेऊन बसायचे, तेवढा वेळ त्या घरात सगळं ठीक असायचं.

एका दगडावर तपकिरी बटणं उगवली. शर्टाच्या बटणाएवढी, कडेला बारीक झालर, एकमेकांना चिकटून गालिच्यासारखी पसरलेली. महेंद्रला त्यांचं नाव मिळालं नाही. मासे त्यांच्याजवळ फिरत, त्यांना काही होत नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं आणि तेजश्रीनं वहीत लिहिलं, 'निरुपद्रवी. ठेवावा.' एकदा तो दगड हातानं हलवल्यावर त्याची बोटं दुपारपर्यंत बधिर झाली होती. पाणी गार असेल, असं त्याला वाटलं.

दोन हजार आठच्या जानेवारीत कंपनीत परदेशी पाहुणे यायचे होते. ॲडमिनचे आनंदराव साहेब टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, हे बुरशी आल्यासारखं दिसतंय, दगड पांढरे करा. महेंद्रनं पुण्यातल्या एका मासेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे, तासभर उकळा, ब्रशनं घासा, सगळं निघतं. गेस्ट हाऊसच्या आचाऱ्यानं पँट्रीत ते करू दिलं नाही. म्हणून शनिवारी महेंद्रनं तो बटणांचा दगड ओल्या पोत्यात गुंडाळून बादलीतून घरी आणला.

घरात त्या दिवशी धुसफूस होती. तेजश्रीला दौंडला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. महेंद्र आधी म्हणाला दिवाळीनंतर बघू, मग म्हणाला संक्रांतीनंतर. त्याची आई ताईबाई म्हणायची, आधी पाळणा हलू दे. शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख होती. ती गेली. तेजश्री भांडली नाही, रडली नाही. बोलायची थांबली.

रविवारी भांडगावला महेंद्रच्या मावसभावाचा साखरपुडा होता. तेजश्रीनं यायला नकार दिला. महेंद्र जाता जाता तिला म्हणाला, तेवढा दगड स्टोवर ठेव, तासभर उकळू दे, मग घासून काढ. तिनं मान हलवली.

मायलेक चार वाजता परत आले तर घरात जळक्या शिंपल्यांसारखा वास कोंडला होता. वाऱ्यानं स्टो विझू नये म्हणून तिनं खिडकी लावून घेतली होती. दगड मोरीत पांढरा होऊन पडला होता. तेजश्री गोधडी घेऊन भिंतीला टेकली होती, दातांवर दात वाजत होते.

"तोंडात पितळ चघळल्यावानी लागतंय," ती म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

गावातल्या डॉक्टरनं थंडीताप म्हणून इंजेक्शन दिलं. सकाळी तिला श्वास पुरेना. जीप करून दौंडला नेलं, एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरनं छाती तपासली आणि महेंद्रला बाजूला घेऊन विचारलं, यांनी काही घेतलंय का? या भागात हे विचारावंच लागतं, असंही ते म्हणाले. महेंद्रनं आईकडं पाहिलं. त्यांच्या पडवीत शेजारच्या मळ्यातल्या फवारणीच्या औषधाची बाटली ठेवलेली असायची. ती निम्मी होती. आधी किती होती, हे कुणालाच आठवेना. ताईबाईनं शनिवारच्या फॉर्मचं सांगितलं, मग डॉक्टरनं वेळ घालवला नाही. नाकातून नळी घातली, पोट धुतलं, विषावरची इंजेक्शनं सुरू केली. पोलीस येऊन दोन ओळी लिहून गेला.

दुपारी महेंद्र तिच्या खाटेजवळ एकटा बसला.

"तेजू, खरं सांग. काय घेतलंस?"

"काई न्हाई घेतलं."

"मी रागवायचो न्हाई. डाक्टरला कळाया पायजे."

"घेतलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. एवढं बोलायलाही तिला तीनदा थांबावं लागलं. "वाफ लय हुती वो. तवापासनं हाय हे."

वाफेचं त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. वाफेनं कुणी मरायला टेकतं का? त्यानं तिसऱ्यांदा तेच विचारलं. तेजश्रीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. पाणी हवं असलं तरी नर्सला हाक मारायची.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली.

तिचे आईवडील, शंकरराव आणि सोजराबाई, आदल्या दिवसापासून दवाखान्याच्या पायरीवर होते. शंकरराव वरवंडचे, रेल्वेत गँगमन म्हणून राबून निवृत्त झालेले. पोलिसानं त्यांना विचारलं, तक्रार द्यायची का? ते म्हणाले, पोरीनं जीव दिला, जावयाला आत घालून ती परत यायची हाय का? महेंद्रच्या कानावर ते पडलं. म्हणजे बापालाही तसंच वाटत होतं. त्याला त्या क्षणी थोडं सुटल्यासारखं झालं आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

शवविच्छेदनात काढून तपासणीला पाठवलेल्या भागांचा अहवाल काही आला नाही. गावाला त्याची गरजही नव्हती. शिकायला धाडली न्हाई म्हणून औषध पिली, एवढं गावात पक्कं झालं. ताईबाईला नळावर बायका जागा देईनाशा झाल्या. महेंद्र कामाला जात राहिला. बरण्यांतले जीव उपाशी मरून पाणी काळं पडलं, ते त्यानं ओतून दिलं.

मार्चमध्ये आनंदराव साहेबांनी परत सांगितलं, अजून दोन दगडांवर ती बुरशी आहे. या वेळी महेंद्रनं गेस्ट हाऊसच्या मागं, उघड्यावर, शेगडी मांडली. पातेल्यात दगड खालीवर करताना वारा फिरला आणि वाफ तोंडावर आली. तो मागं सरला. अर्ध्या तासानं त्याला खोकला सुटला. मग तोंडाला चव आली. पितळेची.

तो होता तिथंच मातीत बसला. शेगडी बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

दोन दिवस ताप अंगात घेऊन पडला आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात प्राचीपुढं जाऊन उभा राहिला. प्राची कॉम्प्युटरवर काम करायची, आधीही तीच त्याला नावं शोधून द्यायची. तपकिरी बटणं, दगड, उकळणं, वाफ, असं त्यानं सांगितलं तसं ती लिहीत गेली. तासाभरानं तिला एका परदेशी माणसाचं लिहिलेलं सापडलं. टाकी पाळणाऱ्या त्या माणसानं असलाच दगड घरात उकळला होता आणि घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेली होती. त्या बटणांत विष असतं, उकळल्यानं ते मरत नाही, वाफेबरोबर छातीत जातं. प्राची मराठी करून वाचत होती. मध्येच थांबली. तेजश्रीबद्दल तिला माहीत होतं. पुढचं तिनं वाचलं नाही, दोन कागद छापले आणि त्याच्या हातात दिले.

आनंदराव साहेब कागद बघून म्हणाले, डॉक्टर काय म्हणाला ते खरं, इंटरनेटवर काहीही असतं. कंपनीचं नाव यात कुठं यायला नको. महेंद्रनं रबरी हातमोजे घातले, तोंडाला ओला फडका बांधला, बटणं असलेले सगळे दगड खोल खड्ड्यात चुन्याखाली पुरले आणि काम सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो वरवंडला गेला. शंकरराव ओट्यावर बसले होते. त्यांनी या म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. महेंद्रनं उभ्याउभ्याच सांगितलं. दगड कुठून आला, कुणी आणला, उकळायला कुणी सांगितलं, सगळं. स्वतःला कुठं वगळलं नाही.

"मामा, तिनं काई घेतलं नव्हतं. मला म्हणली, वाफ लय हुती. मी तीनदा इचारलं तिला. इस्वास ठिवला न्हाई."

शंकररावांनी कागद उलटसुलट करून पाहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. घरातून सोजराबाई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मलाबी म्हणली हुती," ती म्हणाली. "आये, म्या न्हाई घेतलं गं, म्हणली. म्या तिला म्हणलं, गप पड. आता कशाला खोटं बोलतीस."

मग ती खाली बसली आणि तिनं डोकं चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. शंकररावांनी उठून तिच्या कपाळाखाली आपला हात घातला. तिसरा मार त्यांच्या हातावर बसला. महेंद्र पुढं होऊ शकला नाही. त्या दोघांत त्याला जागा नव्हती.

बऱ्याच वेळानं सोजराबाईनं विचारलं, ते दिसतं कसं? महेंद्रनं त्याच कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं. तिनं त्या झालरीवरून बोट फिरवलं.

"येवढुसं," ती म्हणाली.

रविवारी शंकरराव धुतलेला सदरा घालून केडगावला आले. महेंद्रला म्हणाले, चला. दोघं वस्तीत दारोदार फिरले. प्रत्येक दारात शंकरराव आधी बोलायचे, मी तेजश्रीचा बाप, माझ्या पोरीनं जीव दिलेला न्हाई, कसं झालं ते जावई सांगतील. मग महेंद्र सांगायचा आणि कागद दाखवायचा. कुणी चहा ठेवला. कुणी नुसतं ऐकून घेतलं. विहाराजवळच्या सारजाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि पाठ वळताच शेजारणीला म्हणाली, दगुड उकळून माणूस मरतंय व्हय, सुटायसाठी रचलंय. ते दोघांनाही ऐकू गेलं. एक म्हातारा तर स्पष्टच म्हणाला की पाव्हणं, तुम्हाला ह्यानं गुंडाळलंय.

शंकरराव पुढच्या दाराकडं वळले.

ऊन उतरेपर्यंत एकेचाळीस घरं झाली. त्यांतल्या चार-पाच घरांना पटलं असेल. महेंद्रचा घसा बसला होता. स्टेशनाच्या बाकावर गाडीची वाट बघत बसले तेव्हा तो म्हणाला की लोकांना खरं वाटत न्हाई, मामा.

"आपल्याला तरी कुठं वाटलं हुतं?" शंकरराव म्हणाले. त्यांनी कागद नीट घडी घालून खिशात ठेवले. "पुढल्या रविवारी वरवंडला या. तिथंबी घरं हायेत."